नागफणीच्या वाटेवरचे पिल्लू
आदल्या रात्री वळवाच्या पावसाने भीमाशंकरचे रान झोडपून काढले होते, म्हणून सकाळी आमच्या वनमजूर मामांना सोबत घेऊन मी नागफणी शिखराच्या पायवाटेवरची पडझड पाहायला निघालो. वाटेत काही गिर्यारोहक घोळका करून उभे होते. त्यांच्यातल्या एका मुलीच्या रुमालात शेकरूचे पिल्लू होते. त्याचे डोळे मिटलेले होते, शेपटीला झुबका फुटलेला नव्हता आणि अंग गार पडले होते. शेजारीच अंजनीच्या फांदीसकट खाली आलेले घरटे विस्कटून पडले होते. कुणीतरी बाटलीच्या झाकणात दूध ओतत होते. ते मी आधी थांबवले, कारण गारठलेल्या पिल्लाला काही पाजले तर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

पिल्लू चौकीवर नेणे सोपे होते, पण मग ते रानाला कायमचे मुकले असते. शेकरूची मादी एकाच घरट्यावर विसंबत नाही. उंच फांद्यांवर तिची एकाहून अधिक घरटी असतात आणि एक मोडले तर ती पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्यात हलवते. वरून तिचा खर्रखर्र आवाज येतच होता. मी ओंजळीत धरून पिल्लाला ऊब दिली, तोवर मामांनी बांबूच्या पाटीत वाळका पाला अंथरला आणि झाडावर चढून ती बेचक्यात घट्ट बांधली. मग वाट दोन्ही बाजूंनी अडवून आम्ही लांब बसलो. शिखराकडे निघालेल्या काहींनी हुज्जत घातली. त्यांची समजूत त्या मुलीनेच काढली.

अडीच तास गेले. मादी तीनदा पाटीपर्यंत उतरली आणि परत फिरली. चौथ्यांदा तिने पिल्लाला पोटाकडून तोंडात धरले, त्याने तिच्या मानेला वेटोळे घातले आणि आमच्या डोक्यावरून वाट ओलांडत तिने पलीकडच्या जांभळीवर झेप घेतली. मामांनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते. तिथे वाट अरुंद आहे, दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींजवळ आहेत, म्हणूनच ती झेप शक्य झाली. १९८५ साली घोषित झालेले हे अभयारण्य मुख्यतः शेकरूसाठी ओळखले जाते, तरी ही वाट रुंद करण्याची मागणी आमच्याकडे वारंवार होते. त्या संध्याकाळी गस्तीच्या नोंदवहीत मी पिल्लाची हकीकत लिहिली आणि त्याखाली, या टप्प्यात वाटेवरची एकही फांदी छाटू नये, अशी शिफारस केली.