आधी वाळू, मग पाणी

भीमेवरच्या उजनी धरणातून ४५ हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी) सोडले म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, पंढरपुरात पाणी कुठवर चढेल? अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ च्या मार्चअखेरीस एवढाच विसर्ग सात दिवस चालवला, तो काठावर वाळू बसावी म्हणून. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होतो. म्हणजे सात दिवसांत साधारण २७ टीएमसी, उजनीच्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्याच्या निम्मे. हे पाणी खालच्या लेक मीड जलाशयात जमा झालं. टर्बाइन टाळून गेलेल्या पाण्याची वीज मात्र बुडाली.

ग्लेन कॅन्यन धरणाने १९६३ मध्ये नदी अडवली आणि वरून येणारी वाळू तिथेच अडकली. खाली येतं ते निवळ पाणी, आणि ते काठ खात जातं. आता वाळूचा आधार मुख्यतः दोन उपनद्यांचा, पारिया आणि लिटल कोलोरॅडो. त्यांनी आणलेली वाळू पात्राच्या तळाशी पडून राहते. मोठा विसर्ग ती उचलतो. पुढे आलेल्या खडकाच्या आड पाणी उलटं फिरतं, तिथे वेग मरतो, वाळू खाली बसते आणि पाणी ओसरल्यावर उंचावर पुळण उरते.

१९९६ ला चूक झाली ती इथेच. उपनद्यांची ताजी वाळू पात्रात फारशी नव्हती, त्यामुळे नव्या पुळणींत बरीचशी वाळू जुन्याच काठांच्या खालच्या भागातून आली. २००४ मध्ये पारियाला पूर येऊन गेल्यावर नोव्हेंबरात सुमारे ४१ हजार क्युसेक फक्त ६० तास सोडले. २०१२ पासून तर आधी वाळूचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून किती क्युसेक, किती तास हे ठरतं. तास कमी ठेवण्याला कारण आहे: तळाची वाळू विरळ झाली की तोच विसर्ग नुकतीच बसलेली पुळण कुरतडायला लागतो.

माशांचं गणित वेगळं आहे. तिथला देशी मासा हंपबॅक चब गढूळ पाण्यात वाढलेला. बाहेरून आणलेला ट्राउट नजरेने शिकार करतो, त्याला निवळ पाणी सोयीचं. २००८ च्या मार्चमधल्या विसर्गाने तळातली खडी धुऊन निघाली आणि ट्राउटचीच पिलं जास्त जगली. २०१८ पासून काही उन्हाळ्यांत शनिवार-रविवारी विसर्ग कमी आणि स्थिर ठेवला. कारण साधं: पाणकिडे पाण्याच्या रेषेलगत दगडांना अंडी चिकटवतात. विजेच्या मागणीप्रमाणे पाणी वरखाली झालं की ती उघडी पडून वाळतात, आणि माशांचं खाणंच जातं.

भीमेला मोठ्या पुराची वाण नाही. चांगल्या पावसात उजनीतून लाखावर क्युसेक सोडावे लागतात. माझ्या मते त्याच पाण्याला आकार द्यावा. नीरा नरसिंहपूरला मिळते, माण सरकोलीजवळ, सीना हत्तरसंग कुडलला. परतीच्या पावसात यांतली एखादी नदी गढूळ होऊन आली आणि उजनी भरलेली असेल, तर पुढे सोडावंच लागणारं पाणी तिच्या पुरामागोमाग दोन-तीन दिवसांत एकवटून सोडावं. धरण अर्धं असेल त्या वर्षी हा विषय काढू नये.

कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवायच्या काढता येणाऱ्या फळ्या) बसवण्याआधीच हे उरकायला हवं, नाहीतर वाळू बंधाऱ्यामागच्या संथ पाण्यात बसते. नदीकाठच्या मोटारी आणि पाइप आधी वर काढायचे, गावोगाव दवंडी द्यायची. ठरलेल्या जागी आधी आणि नंतर पात्राचा छेद मोजायचा, एकाच ठिकाणाहून फोटो घ्यायचे, पुलावरून दर काही तासांनी गढूळ पाण्याच्या बाटल्या भरायच्या.

सगळ्यांत जास्त बिघडतं ते पाणी कमी करताना. ग्लेन कॅन्यनला रोजच्या कामकाजात तासाला ४ हजार क्युसेक वाढवायला मुभा आहे, उतरवायला फक्त अडीच हजार. झटकन दरवाजे पाडले तर भिजलेला काठ ढासळतो आणि मासे डबक्यात अडकून मरतात. हे आकडे भीमेला जसेच्या तसे लावू नयेत, पण चढवण्यापेक्षा उतरवणं सावकाश, हे इथेही खरं.

मृगाच्या पाण्याला चढणीचे मासे निघतात, त्याआधी सगळे बर्गे निघालेले हवेत. आणि बसलेली वाळू पुढच्याच आठवड्यात ट्रॅक्टरने उचलून नेणार असतील, तर हा विसर्ग सोडूच नये.