तार गंधार: अडतंय कुठे ते सापडलं

सापडलं! सुटलं नाही अजून, पण कुठे अडतंय ते सापडलं. कोजागरीची बैठक तोंडावर आलीय आणि भूप रागातल्या बंदिशीचा अंतरा (वर चढणारा दुसरा भाग) तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'ग'वर, फाटतोय, ही रड मागच्या वेळी इथेच गाऊन झालीच होती. बहुतेकांचा सल्ला एकच, "पट्टी उतरव," म्हणजे सा खालच्या स्वरावर धर. मलाही तेच वाटत होतं. पण मग माझ्या विद्यार्थिनीचा आवाजही नेमका तार गंधारावरच फाटायला लागला, आणि शंका आली.

कारण मी काळी एकला गातो, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरतो, ती काळी चारला. आवाज जिथे कूस बदलतो ती जागा प्रत्येक गळ्यात साधारण ठरलेल्या उंचीवर असते, तिला सा कुठे धरलाय याच्याशी देणंघेणं नाही. मग दोन गळे, दोन पट्ट्या आणि अडतं मात्र एकाच नावाच्या स्वरावर, हे कसं? ताडून पाहायचं ठरवलं. तानपुरा पांढरी सातला घेतला, दोन अर्धस्वर खाली. (ॲपवरच. मिरजेचा तानपुरा एवढा उतरवायचा म्हणजे जवारीचे, घोडीवर तारांखाली घातलेले दोरे नव्याने जुळवत बसा.) दोष गळ्याच्या ठेवणीत असता तर फाटणं सरकून तार तीव्र मध्यमावर (वरच्या सप्तकातल्या चढ्या 'म'वर) यायला हवं. भूपात मध्यमच नाही, म्हणून तो असलेला यमन राग घेतला. तीव्र मध्यम स्वच्छ! त्याच पट्टीत परत भूप, आणि गंधार फाटला.

खरी गंमत पुढे आहे. यमनात "नि रें गं" म्हटलं की तोच गंधार चोख लागतो. "सां रें गं" म्हटलं की चिरफळ्या. म्हणजे भांडण गंधाराशी नाहीच, त्याच्या आधीच्या षड्जाशी, म्हणजे 'सां'शी आहे. तार षड्ज लागला की तिथे ठाण मांडायचं, जबडा आवळायचा, आकाराचा (मोकळ्या 'आ'चा) अर्धवट अकार करायचा आणि त्याच आवळलेल्या गळ्याने पुढे चढायचं, अशी सवय आहे. पोरीने ती माझ्याकडून जशीच्या तशी उचललीय. गुरुमुखी विद्येत बंदिशीबरोबर हेही जातं.

सध्याचा रियाज असा: "ध रें गं", षड्ज सरळ ओलांडायचा. मग "गं रें सां", म्हणजे षड्जावर वरून उतरायचं; तेव्हा गळा मोकळाच असतो. तोच मोकळेपणा धरून पुन्हा वर. हळूहळू षड्जावरचा मुक्काम वाढवायचा. परवा पहाटे चांगला लांब षड्ज धरून गंधारावर गेलो, तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या (सगळ्यात खालच्या) तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारात तो असा मिसळला की माझा आवाज मलाच वेगळा ऐकू येईना. हे पेटीवर व्हायचं नाही. समान अंतरांनी लावलेल्या पेटीचा गंधार त्याहून जवळपास 14 सेंट (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा असतो. रियाजाला पेटी नकोच, या मतावर मी आता ठाम आहे.

बैठकीत भूप सोडून यमन गावा असं हे लिहायला बसेपर्यंत ठरलं होतं. लिहिता लिहिता शुद्ध कल्याण राग सुचला, अवरोहात, म्हणजे उतरताना, निषाद-मध्यम आहेत म्हणून. पण आरोह भूपाचाच, म्हणजे चढताना तोच षड्ज आडवा. मग भूपच का नको? जे घोटलंय तेच गातो, फक्त अंतऱ्यात तार षड्जावर मुक्काम कमी.

विद्यार्थिनीचं वेगळं. तार सप्तकाचा नमुना तिला काही काळ माझ्या गळ्यातून द्यायचाच नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या जुन्या गायिका ऐकवायच्या, तो खुला आकार कानात बसू द्यायचा, आणि मंद्र-मध्यापुरतं (खालच्या आणि मधल्या सप्तकापुरतं) मी गाऊन दाखवायचं. तिच्या पालकांना हे कसं पटवायचं ते बघू. "सर गातच नाहीत" अशी तक्रार येणार.

आणि पट्टीचा दोष नाही म्हटल्यावर बैठकीला काळी एकच. तबलजींना मात्र "पांढरी सात" असं कळवून बसलोय, आणि त्यांनी त्यासाठी मोठ्या तोंडाचा तबला कुणाकडून तरी मागून आणलाय. संध्याकाळी फोन करतो.