मुरमाच्या ट्रॅकवरच्या सहा फेऱ्या

मातीवरच्या मोटरसायकल शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गॅरेजवाल्या मामांनी क्लच लिव्हरच्या क्लॅम्पचा बोल्ट आवळला आणि लगेच पाव फेरा सैल केला. "अरे, हाताने जोर लावला की हा हँडलवर फिरला पाहिजे. गच्च आवळलास तर पडल्यावर तुटेल," एवढे सांगून ते चेनकडे वळले आणि तीही मला योग्य वाटत होती त्यापेक्षा थोडी सैलच ठेवली. दहा वर्षे डांबरी रस्त्यावर गाडी चालवताना मी शिकलो होतो ते नेमके उलटे होते: नट पक्का हवा, टायरमध्ये हवा पुरेपूर हवी आणि हँडलवरची पकडही घट्ट हवी. त्यामुळे माझी हीरो एक्सपल्स २०० मातीसाठी तयार होत असताना मला सारखी धाकधूक वाटत होती.

गाडीत केलेला सर्वांत मोठा बदल सस्पेन्शनचा होता. मूळ गाडीत सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली जाण्याचे अंतर, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर असतो. रॅली किट, म्हणजे मातीवरच्या शर्यतीसाठीच्या भागांचा संच, बसवल्यावर तो पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर झाला. आरसे, इंडिकेटर आणि साइड स्टँड काढून ठेवले. हेडलाइट फुटल्यास काचा ट्रॅकवर विखुरू नयेत म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. पुढच्या नॉबी, म्हणजे मातीत रुतणाऱ्या जाड गुठळ्यांच्या, टायरमध्ये मी नेहमी २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरतो; तिथे मामांनी १६ ठेवली. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो आणि मुरमाला धरून राहतो, मात्र ती फारच उतरवली तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते आणि टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जाण्याची भीती असते, म्हणून टायरला रिमवर दाबून धरणारे रिमलॉकही बसवले होते.

स्पर्धा सिन्नरच्या बाजूला एका माळावर होती आणि मी भारतीय बनावटीच्या गाड्यांच्या नवोदित गटात होतो. सकाळी गाडीला हात लावण्यापूर्वी सगळ्यांनी ट्रॅक पायी फिरून पाहिला. नव्याने उतरणाऱ्या कोणीही हे टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण गाडीवरून जी उडी नुसता उंचवटा वाटते तिच्या पलीकडचा उतार किती लांब आहे, हे उभे राहून पाहिल्याशिवाय समजत नाही. तिसऱ्या वळणाआधी मुरूम संपून काळ्या मातीचा पट्टा लागत होता. धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारले होते. मुरमाने ते पिऊन टाकले होते, काळी माती मात्र लोण्यासारखी झाली होती आणि सराव फेऱ्यांत तिच्यात वीतभर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या.

सुरुवातीच्या रेषेवर आम्ही चौदा जण होतो. झेंडा पडला आणि पहिल्या वळणापर्यंत मला पुढच्याचे मागचे चाक आणि त्यातून उडणारे खडे यांखेरीज काहीच दिसले नाही. २०१५ मध्ये मोटरसायकलस्वार सी. एस. संतोष डाकार रॅली ही वाळवंटातून जाणारी लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हापासून मी त्या शर्यतीची छायाचित्रे साठवत आलो आहे. पण त्यांतली धूळ घशात गेल्यावर श्वास कसा आखडतो, हे मला त्या वळणावर प्रथमच समजले. दुसऱ्या फेरीअखेर कोपरापासून मनगटापर्यंतचे दोन्ही हात दगडासारखे कडक झाले आणि क्लच ओढायला दोन बोटे पुरेनाशी झाली. याचे कारण माझी पकडच होती. पायपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहून गुडघ्यांनी टाकी आवळावी आणि हात मोकळे सोडावेत, म्हणजे खड्ड्याचा धक्का हँडल स्वतःच्या हालचालीत जिरवते, हे मला ठाऊक होते. परंतु भीती वाटली की बोटे आपोआप आवळली जातात.

तिसऱ्या फेरीत काळ्या मातीत शिरताना मी चाकोरीकडे पाहिले. नजर जिथे खिळते तिथेच चाक जाते. पुढचे चाक चाकोरीत उतरले, घाबरून मी थ्रॉटल सोडला, त्याबरोबर गाडीचे वजन पुढे आले आणि मी डाव्या अंगावर आडवा झालो. चेस्ट गार्ड आणि उंच बुटांमुळे मला काही लागले नाही. गाडी उचलली तेव्हा क्लच लिव्हर सरळ जमिनीकडे वळलेला होता, पण तुटला नव्हता. तळहाताचा एक फटका मारताच तो फिरून जागेवर आला. तिसऱ्यांदा बटण दाबल्यावर इंजिन सुरू झाले आणि तोवर पाच जण माझ्यापुढे निघून गेले होते.

उरलेल्या फेऱ्यांत मी त्या पट्ट्याच्या पलीकडे असलेल्या बाभळीवर नजर ठेवली, वजन मागे घेतले आणि थ्रॉटल एकसारखा उघडा ठेवला. पुढचे चाक खाली वळवळत होते, तरी गाडी सरळ जात होती. चौथ्या फेरीत ते प्रथम जमले, त्या वेळी मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडलो होतो. सहाव्या फेरीअखेर दोघांना मागे टाकून मी नववा आलो.

मामा तंबूजवळ उभे होते. त्यांनी माझ्या कोपरावरचा चिखल पाहिला, मग क्लच लिव्हर बोटाने ढकलून पाहिला, बोल्टला हात न लावता खाली बसले आणि काडीने चेनमधली माती काढू लागले.