शंभर व्होल्टचं घर आणि तीन लाख येनांची पेटी

टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुन्या ऑडिओ सामानाच्या एका दुकानात मी एका पेटीवर डोळा ठेवून आहे. योकोहामाच्या अ‍ॅक्युफेज कंपनीचा 'क्लीन पॉवर सप्लाय', म्हणजे ऑडिओच्या यंत्रांना जाणारी वीज 'शुद्ध' करणारी पेटी, शँपेनसारख्या फिकट सोनेरी रंगाचा, समोर मीटर. वापरलेला आहे, पण जपानी माणसाने वापरलेला. म्हणजे मूळ पुठ्ठ्याचं खोकं, मॅन्युअल, झालंच तर वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टीही जागेवर. किंमत तीन लाख येनांच्या घरात, रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. माझ्याकडचा साधा फिल्टरवाला पॉवर कंडिशनर दिला तर दुकानदार थोडी सूट द्यायला तयार आहे. घ्यावा का? महिनाभर डोक्यात हेच चालू आहे आणि घरात यावर बोलायला मनाई झाली आहे, म्हणून इथे लिहितो.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "जपानमध्ये पण स्टॅबिलायझर लागतो का रे?" प्रश्न अगदी योग्य होता. आमच्या सांगलीच्या घरात फ्रिजला एक, टीव्हीला एक असे स्टॅबिलायझर होते, आणि संध्याकाळी सगळीकडे मोटरी सुरू झाल्या की त्यांच्यातून रिलेचा 'टक टक' आवाज यायचा. लोडशेडिंगच्या वर्षांत लाईट परत यायच्या वेळी बाबा सगळे प्लग काढून ठेवायचे, कारण येताना ती किती जोराने येईल याचा नेम नसायचा. तिथे व्होल्टेजच खाली-वर व्हायचं. इथे तसं काही नाही. टोकियोत घरात येणाऱ्या विजेला १०१ व्होल्ट, त्यात ६ कमी किंवा ६ जास्त, असं कायद्याने बांधून दिलं आहे, आणि मी मल्टिमीटर लावून जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा आकडा त्या चौकटीच्या अगदी मधोमध सापडला. लाईट जाणं ही इथे बातमी असते.

मग इतक्या सुरळीत विजेच्या देशात वीज 'शुद्ध' करणाऱ्या पेट्यांचा एवढा बाजार कसा? त्याचं एक कारण मला वाटतं ते असं, की इथल्या हौशी माणसाला मुळातच वीज ही विचार करायची गोष्ट वाटते. देशच दोन विजांत वाटला गेला आहे. १८९५ च्या सुमारास टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीच्या एईजीकडून ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० लाटांची) जनित्रं मागवली, आणि त्यानंतर लवकरच ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून ६० हर्ट्झची. तेव्हा ती दोन शहरं तारांनी जोडली जातील असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. आज शिझुओकातली फुजी नदी ते निगाताचं इतोइगावा अशी साधारण सीमा धरली जाते; पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. २०११ मध्ये भूकंप आणि त्सुनामीनंतर टोकियो परिसरात पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही ती इकडे फारशी आणता आली नाही, कारण फ्रिक्वेन्सी बदलून देणाऱ्या केंद्रांची एकूण ताकद जेमतेम हजार-बाराशे मेगावॉट होती. २०२१ मध्ये ती २१०० मेगावॉट झाली. आपल्याकडे निदान सांगलीची वीज नागपुरात चालते.

या वेडाचं टोक म्हणजे 'माय-देन्चू', स्वतःचा विजेचा खांब. घराच्या आवारात आपला वेगळा खांब रोवायचा, त्यावर आपला वेगळा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे शेजाऱ्याच्या वॉशिंग मशीनचा आणि आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मरपुरता तरी संबंध नको. २०१६ मध्ये एका अमेरिकन दैनिकाने अशा एका ऐंशी ओलांडलेल्या टोकियोकर वकिलांची बातमी छापली होती. त्यांनी खांबावर दहा हजार डॉलरच्या आसपास खर्च केला होता. त्यांच्यापुढे माझे तीन लाख येन म्हणजे किरकोळ, असा युक्तिवाद मी घरी करून पाहिला आहे. चालला नाही.

आता पेटी नेमकं काय करते ते बघू. माझ्याकडचा कंडिशनर अगदी साधा आहे: वेटोळी आणि कपॅसिटर घालून वरच्या फ्रिक्वेन्सीची खरखर अडवायची, आणि वीज कडाडली तर वाढीव झटका पचवायला एक व्हॅरिस्टर. (हा व्हॅरिस्टर प्रत्येक झटक्यागणिक थोडा थोडा झिजतो. तुमची सर्ज-प्रोटेक्टरची पट्टी दहा वर्षं जुनी असेल तर ती आता नुसती पट्टी असण्याचीच शक्यता जास्त.) अ‍ॅक्युफेजची पेटी वेगळी. घरातले टीव्ही, लॅपटॉप, एलईडी दिवे हे सगळे विजेच्या लाटेच्या शेंड्यावरच करंट ओढतात, त्यामुळे लाटेचं टोक चपटं होतं. ही पेटी भिंतीतून आलेली लाट आपल्याजवळच्या शुद्ध नमुन्याशी ताडून बघते आणि जिथे कमी-जास्त असेल तिथे तेवढीच दुरुस्ती करते. काही कंपन्या याच्याही पुढे जातात. आलेली वीज डीसी करून टाकायची आणि त्यातून पुन्हा नवी एसी घडवायची. त्यात वीज वाया जाते आणि कपाट तापतं.

अभियांत्रिकी म्हणून मला हे सगळं आवडतं. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या आत शिरल्याबरोबर त्या सुंदर लाटेचं काय होतं? ट्रान्सफॉर्मर, मग रेक्टिफायर, मग डब्याएवढाले कपॅसिटर: लाट मोडून तिची डीसी केली जाते. हे काम नीट करणारा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर टोक चपटं होतं की गोल, हे स्पीकरपर्यंत पोचायला फारशी वाटच उरत नाही. आणि नीट करत नसेल, तर तीन लाख अ‍ॅम्प्लिफायरवरच घालावेत.

तरी माझी तक्रार खरी होती. संगीत थांबलं की 'घूं' ऐकू यायचं. रात्री उशिरा, बंद खिडक्यांमागे, तानपुरा सुरू होऊन गवयाने अजून तोंड उघडलेलं नसतं, त्या क्षणी तर फारच. ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण बहुतेक १०० हर्ट्झवर असते. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा) षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ धरला तर ही गुणगुण मंद्रातला तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध पडते, म्हणजे कुठल्याच रागात न बसणारी. पांढरी एकला ती जरा चढलेला पंचम होते आणि बरीचशी खपून जाते. त्यामुळे माझ्याकडे काही रेकॉर्डी 'स्वच्छ' वाजत आणि काही 'घाण', आणि दोष मी बरेच दिवस रेकॉर्डिंगला देत होतो.

इथे प्रत्येकाने आधी करायची गोष्ट म्हणजे आवाज येतो कुठून ते बघणं. माझा आवाज दोन ठिकाणांहून येत होता, आणि दोन्हींची कारणं वेगळी निघाली.

स्पीकरला कान लावला की एक बारीक घूं. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या वायरी काढल्या की गप्प. म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये नाही, जोडणीत आहे. इथल्या भिंतीतल्या सॉकेटला बहुतेक ठिकाणी तिसरी पीन नसते, अर्थिंगच नाही, त्यामुळे अर्थ-लूपचा (यंत्रं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेली की होणाऱ्या गुणगुणीचा) प्रश्न इथे येणार नाही असं वाटतं. पण टीव्हीची केबल असते, आणि तिचं वरचं जाळीचं आवरण इमारतीत कुठेतरी अर्थला जोडलेलं असतं. माझा टीव्ही अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला, म्हणजे सगळ्या यंत्रांचा गळती-करंट ऑडिओच्या वायरीतून त्या केबलकडे चाललेला. अँटेनाच्या वायरीत घालायचा छोटा आयसोलेटर हजार-दोन हजार येनांत मिळाला. पुढे प्रत्येक यंत्र एकेकटं चालू करून त्याच्या धातूच्या पेटीवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजलं, प्लग उलटा करून पुन्हा मोजलं, आणि ज्या बाजूला आकडा कमी तशी खूण केली. इथल्या सॉकेटची डावी फट उजवीपेक्षा लांब असते, ९ मिलिमीटरला ७. लांब ती न्यूट्रल. तरीही टेस्टर लावून खात्री करावी, वायरमन जपानी असला तरी. स्पीकर शांत झाले. यातलं काहीही तीन लाखांच्या पेटीने झालं नसतं, कारण ही घूं विजेच्या वायरीतून येतच नव्हती.

दुसरा आवाज स्पीकरमधून नव्हे, खुद्द अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातून. हा कधी असायचा, कधी नसायचा, आणि साधारण रात्री साडेनऊ-दहाला हटकून. दुकानदाराने ऐकून घेतलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, घरात केस कोण वाळवतं? केस वाळवायच्या काही ड्रायरमध्ये 'मंद' बटणाला एक डायोड असतो, तो लाटेचा अर्धाच भाग ओढतो. त्यामुळे घरातल्या एसी विजेत किंचित डीसी मिसळते, आणि माझ्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा गोल, टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर तेवढ्यानेही घुरघुरायला लागतो. आमच्या घरात लेकीचे केस, मग तिच्या आईचे, असा तो कार्यक्रम तासभर चालतो. माझ्या सध्याच्या फिल्टरला या डीसीचं काहीच करता येत नाही. मोठी पेटी कदाचित करेल. पण डीसी ब्लॉकर नावाचं, मोजकेच भाग असलेलं एक छोटं उपकरणही करतं, आणि त्याची किंमत पेटीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. तो घेतला. "ड्रायर जोरात लाव ना," हा उपाय मी आधी सुचवला होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

यानंतर दुकानाने ती पेटी शनिवार-रविवारसाठी घरी नेऊ दिली. ही इथली फार चांगली पद्धत आहे. टोकियोतल्याच निशी-कासाईत राहणारा एक मित्र आला. सोफ्याकडे पाठ करून तो वायरी बदलायचा आणि मी पेटी की भिंत ते ओळखायचं, मग अदलाबदल. जड पेटी उचलल्यावर, तिचा मीटर बघितल्यावर, किंमत आठवल्यावर आवाज मोकळा वाटायचा. पाठ फिरवली की आम्ही दोघेही अंदाजपंचे. मित्र सरळ म्हणाला, "अरे, तीन लाखांत घरी दोनदा जाऊन येशील." माझं मन अजून म्हणतं की सकाळी तबल्याच्या डग्ग्याला जरा जास्त गोलाई होती. म्हणू दे.

तेव्हा सध्या तरी घेत नाही. कुणी म्हणेल, मग त्यापेक्षा मीटर-बोर्डापासून ऑडिओसाठी वेगळं सर्किट ओढून घे. तो सल्ला मला सगळ्यात पटतो, पण जपानमध्ये भिंतीतलं साधं सॉकेट बदलायलाही 'देन्की कोजिशी'चं, म्हणजे वायरमनचं, प्रमाणपत्र लागतं (काही हौशी लोक तेवढ्यासाठी ही परीक्षा देतात), आणि घर भाड्याचं आहे. मालकांना विचारणारं पत्र कसं लिहावं याचा विचार चालू आहे; जपानीत नकार मिळायच्या आधीच माफी मागावी लागते.

एकाच गोष्टीने निर्णय बदलू शकेल, ती म्हणजे ऑफिसने ओसाकाला पाठवलं तर. माझा टर्नटेबल जुना आहे, त्याची सिंक्रोनस मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. ६० हर्ट्झवर तो वीस टक्के जोरात पळेल आणि काळी एकचा गवई थेट पांढरी तीनच्याही वर जाईल. हवी ती फ्रिक्वेन्सी घडवून देणाऱ्या पेट्याही मिळतात. हे दुकानदाराला बोलून दाखवलं तर त्याने काउंटरखालचा एक खण उघडला आणि टर्नटेबलचा वेग जागेवर आणणारी, मोटरवर बसवायची ६० हर्ट्झची पितळी पुली काढून समोर ठेवली. तीन हजार आठशे येन.