सॅन पेड्रोच्या पुळणीवर ग्रुनियनची वाट पाहताना

ग्रुनियन नावाचा मासा पाण्याबाहेर येऊन वाळूत अंडी घालतो, हे वाचून माहीत होते. पण ते डोळ्यांनी पाहण्यासाठी आम्हाला लॉस एंजेलिसच्या दक्षिण टोकाला, सॅन पेड्रोच्या कॅब्रिलो बीचवर, मे महिन्यात दोन रात्री जागून काढाव्या लागल्या. पहिल्या रात्री लाटांवर सतत विजेऱ्यांचे झोत फिरत होते, त्यांत एक आमचाही होता, आणि एकही ग्रुनियन वर आला नाही. दुसऱ्या रात्री, म्हणजे पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या, आम्ही उजेड न करता कोरड्या वाळूत बसून राहिलो.

भरती पूर्ण होऊन अर्धा तास झाला असेल, तेव्हा एका लाटेने चार-दोन मासे वाळूवर सोडले आणि पुढच्या लाटेबरोबर ते परत गेले. थोड्याच वेळात सारी पुळण चमचमू लागली. आमच्या पावलांपासून हातभर अंतरावर तारलीएवढी एक मादी शेपटी वळवळवत ओल्या वाळूत शिरली आणि केवळ डोके वर ठेवून उभी राहिली. तीन नर तिला विळखा घालून पडले, त्यांचे शुक्रद्रव तिच्या अंगावरून ओघळत अंड्यांपर्यंत उतरले, आणि अर्ध्या मिनिटात ती स्वतःला सोडवून लाटेबरोबर निघून गेली.

उधाणानंतर भरती रोज थोडी खाली राहते, म्हणून तिच्या वरच्या रेषेशी पुरलेली अंडी पुढच्या उधाणापर्यंत सुरक्षित असतात. साधारण दहा दिवसांत ती तयार होतात, पण लाटांनी घुसळल्याखेरीज फुटत नाहीत. एक मादी एका वेळी १,६०० ते ३,६०० अंडी घालते. शेजारच्या कॅब्रिलो मरीन अक्वेरियममध्ये अशी अंडी समुद्राच्या पाण्यात हलवून पिल्ले बाहेर पडताना दाखवतात. मुले बरोबर असतील तर ते चुकवू नये.

हंगाम मार्च ते ऑगस्ट असतो. घरातल्या मराठी कॅलेंडरात पौर्णिमा-अमावास्या पाहून द्वितीया ते चतुर्थीची रात्र निवडावी आणि भरतीच्या वेळेपासून पुढे दोन तास तरी थांबावे. कॅलिफोर्निया राज्याचा मत्स्य व वन्यजीव विभाग अपेक्षित रात्रींचे वेळापत्रकही प्रसिद्ध करतो. एप्रिल ते जून हे मासे पकडण्यास बंदी आहे. इतर महिन्यांत ते फक्त हातांनी, माणशी ३० पर्यंत पकडता येतात, सोळा वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला परवाना लागतो आणि वाळूत खड्डे खणता येत नाहीत. गाबोळीने भरलेली मादी वाळूत उभी असताना तिला उचलू नये, असे मला मनापासून वाटते. मे महिन्यातही मध्यरात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा स्वेटर न्यावा आणि वाहनतळ किती वाजता बंद होतो ते आधीच विचारून ठेवावे.