पोरगं जेवतंय, झोपतंय

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. आम्ही सगळे त्यांना नुसतं 'सर'च म्हणायचो आणि इथेही तेवढंच लिहिते; नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही. १९७८ साली ते परिविक्षा अधिकारी, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या घरची चौकशी करून अहवाल देणारे आणि पुढे देखरेख ठेवणारे, म्हणून रुजू झाले तेव्हा मुंबई राज्याचा १९४८ चा मुलांचा कायदा चालू होता. पुढे १९८६ चा आला, मग २००० चा, मग २०१५ चा. चार कायद्यांखाली त्यांनी मुलं पाहिली. १९८६ च्या कायद्यात सोळा पूर्ण झालेला मुलगा मोठा धरला जायचा, मुलगी मात्र अठरापर्यंत लहान. २००० साली मुलगे आणि मुली दोघांनाही अठरा वर्षांची मर्यादा आली. मधल्या काळात सतरा वर्षांची जी पोरं थेट तुरुंगात गेली, त्यांच्याबद्दल बोलताना सरांचा आवाज बदलायचा. "माझ्या टेबलापर्यंत पोचायला हवी होती ती," एवढंच म्हणायचे.

मी नोकरीला लागले तेव्हा ते निवृत्त झाले होते, तरी आठवड्यातून दोनदा निरीक्षणगृहात, म्हणजे अशी मुलं चौकशी चालू असताना जिथे ठेवतात तिथे, यायचे. पगार नाही, मानधन नाही. एसटीनं यायचे, डबा घेऊन यायचे आणि आम्हा नवीन लोकांचे अहवाल वाचून समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहायचे. 'घर किती खोल्यांचं? पाहिलंत का?' 'वडील दारू पितात हे कोणी सांगितलं?' 'आई दिवसभर कुठे असते?' एकदा एका अहवालात 'कौटुंबिक वातावरण असमाधानकारक' असं वाक्य होतं. हे वाक्य आमच्याकडे फार चालतं. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'चूल कुठे आहे?'

आता त्या दिवसाचं सांगते. मुलाची ओळख पटेल असं काही लिहायला कायद्यानं मनाई आहे, २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, आणि मनाई नसती तरी मी लिहिलं नसतं. म्हणून गावं, कारखाना, सगळं बिननावाचं.

जानेवारी महिना, २०१७. पंधरा वर्षांचा मुलगा, दुचाकी चोरीच्या प्रकरणात आला होता. सोबतचे दोघे सज्ञान होते. चोरीसारख्या किरकोळ गुन्ह्यात एकटं मूल असेल तर पोलीस सहसा एफआयआर करत नाहीत, स्टेशन डायरीत नोंद घेतात. पण सज्ञानांबरोबर केलेला गुन्हा म्हणून इथे रीतसर एफआयआर झाला होता. बाल न्याय मंडळानं पहिल्याच दिवशी जामीन दिला. अट अशी की पालकांनी येऊन हमी द्यायची आणि मुलाला घेऊन जायचं.

पालक कोणी आलंच नाही.

मुलानं मराठवाड्यातल्या एका गावाचं नाव सांगितलं होतं. तिथल्या ग्रामसेवकांना फोन केला, पोलीस पाटलांना केला. त्या आडनावाचं घरच गावात नाही म्हणाले. पुन्हा विचारलं तर मुलगा तेच गाव सांगायचा. त्यानंतर तो बोलेनासाच झाला. जेवायचा, अंथरुण घडी करायचा, सांगितलेलं काम करायचा, पण प्रश्न विचारला की मान खाली. समुपदेशकांनी प्रयत्न केले, मी केले. जामीन मिळालेलं मूल केवळ न्यायला माणूस नाही म्हणून आत बसून राहतं, हे आमच्याकडे नवीन नाही. कायद्यात यावर उपाय आहे. जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर मुलाला पुन्हा मंडळापुढे उभं करायचं आणि अट बदलून मागायची. त्या दिवशी दुपारी तीनला त्याची तारीख होती. पण मंडळापुढे जाऊन मी मागणार काय होते? अट सैल झाली तरी पोराला सोपवायचं कोणाकडे?

सर सकाळी नऊलाच आले. फाईल हातात घेतली नाही. मुलगा अंगणात नळावर भांडी घासत होता, त्याच्या शेजारी उकिडवे बसले आणि ताटं विसळू लागले. मी व्हरांड्यात उभी होते. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग सरांनी त्याचा हात धरून उलटा केला. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक बारीक रेघा होत्या, काही जुन्या, काही खपली धरलेल्या. आम्ही सगळ्यांनी त्या पाहिल्या होत्या. प्रवेशाच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीतसुद्धा 'किरकोळ ओरखडे' अशी नोंद होती.

सरांनी विचारलं, "उसाचं पाचट लागलंय. बैलगाडी का ट्रॅक्टर?"

मुलगा म्हणाला, "बैलगाडी."

"बैल घरचे?"

"एक घरचा. एक मुकादमाचा."

"घरच्याचं नाव काय?"

त्यानं बैलाचं नाव सांगितलं आणि मग त्याला थांबवताच येईना. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेले, एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली. हा आठवीत, गावी आजीपाशी होता. मधल्या काळात बापाच्या पायाला लागलं, गाडी हाकायला माणूस नाही म्हणून मुकादमानं, म्हणजे टोळी घेऊन येणाऱ्या माणसानं, याला बोलावून घेतलं. पहाटे तीनला उठून गाडी जुंपायची, कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या गाड्यांच्या रांगेत नंबर लावायचा, रात्री परत. शेजारच्या वस्तीवरच्या दोन पोरांनी म्हटलं, गाडी मिळालीय, चल, तुला गावाकडं सोडतो. पेट्रोल संपलं तिथं पकडले गेले. गावाचं नाव त्यानं मुद्दाम शेजारच्या गावाचं सांगितलं होतं. पोलीस दारात गेले तर आजीला कळेल म्हणून.

पोलिसांनी विचारलं होतं, गाडी का चोरलीस. मंडळात विचारलं गेलं, समुपदेशकांनी विचारलं, मीही विचारलं. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याला देता येईल असा पहिला प्रश्न सरांनी विचारला. सरांची हातोटी म्हणतात ती हीच, असं मी मानते.

त्यानं खरं गाव सांगितलं, पण आईबाप गावी नव्हतेच. ते होते आमच्याच जिल्ह्यात, कुठल्या तरी शिवारात. सर म्हणाले, "ताई, तुमची स्कूटी आहे ना? तीनच्या आत आईला आणायचं."

आधी कारखान्याच्या शेती ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणाला, शेकड्यांनी टोळ्या आहेत, नावावरून काय सांगू. सरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. सरळ गाडीतळावर आले आणि चिटबॉय, म्हणजे टोळ्यांना तोडीच्या चिठ्ठ्या देणारा पोरगा, कुठे भेटेल ते विचारू लागले. कुठल्या टोळीला कुठल्या शेतातली तोड दिली हे त्या पोराला तोंडपाठ असतं, साहेबांना नसतं. गाडीतळावर बैलगाड्यांची रांग लागलेली, गाडीवान गाडीखाली घोंगडी टाकून झोपलेले, हवेत मळीचा वास. मुकादमाचं नाव सांगितल्यावर चिटबॉयनं दोन मिनिटांत शिवार सांगितलं. वर म्हणाला, "त्या गाडीवर पोरगं होतं. परवापासून दिसत न्हाई." परवा नाही, आठवडा होऊन गेला होता, पण त्याच्या लक्षात होतं.

उसाच्या फडावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आई मोळी बांधत होती. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं. आम्हाला पाहून ती उभी राहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मी माझं ओळखपत्र काढणार, एवढ्यात सरांनी लांबूनच हात वर करून मोठ्यानं सांगितलं, "पोरगं जेवतंय, झोपतंय, अंगात ताप नाही!"

बाकी सगळं नंतर. कोण, कुठून आलो, गुन्हा काय, सगळं नंतर. मी त्यानंतर कितीतरी घरांच्या दारात उभी राहिले आहे आणि पहिलं वाक्य हेच बोलते.

ती मटकन खाली बसली. तिची समजूत होती की पोरगं रुसून आजीकडे गेलं. आजीकडे फोन नाही, शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला होता, त्याचं उत्तर आलं नव्हतं. बाप लंगडतच गाडी घेऊन कारखान्यावर गेला होता. सर वाढ्यांच्या पेंडीवर बसले. तिनं तीन दगडांच्या चुलीवर कोरा चहा केला, तो प्यायले. मग एकेक सांगितलं. तिनं एकच विचारलं, "मारलं का त्येला?" सर म्हणाले, "आमच्याकडे आल्यापासून कोणी हात लावलेला नाही. त्याआधीचं तो सांगेल तेव्हा लिहून घेऊ." खोटा दिलासा देणं त्यांना जमायचं नाही.

मुकादम आला. कोयत्यातलं एक माणूस गेलं तर खाडा धरून पैसे कापणार म्हणाला. उचल फिटलेली नाही, नवरा अर्धा कामाचा, त्यात हिला सोडायचं म्हणजे टोळीचं नुकसान. मला संताप आला होता. पंधरा वर्षांच्या मुलाला गाडीवर बसवणारा हाच माणूस. सरांनी मला डोळ्यांनी थांबवलं. त्याला बाजूला घेऊन गेले. काय बोलले ते मी परत येताना विचारलं. म्हणाले, "मंडळ मला विचारणार, मुलगा गाडीवर का होता. मी अहवालात काय लिहू ते त्यालाच विचारलं." खाडा धरला गेला नाही. आणि अहवालात सगळं खरं तेच लिहिलं गेलं, मुकादमासकट. ते मीच लिहिलं, सरांनी समासात एकही प्रश्न काढला नाही.

स्कूटीवर तिघं बसणं शक्य नव्हतं. सर म्हणाले, तुम्ही दोघी पुढे व्हा, मी वडापनं येतो. फाट्यापर्यंत ते चालत गेले असणार.

मंडळाची बैठक आमच्याच आवारात असते. साधी खोली, एक लांब टेबल. मध्ये दंडाधिकारी, दोन बाजूंना दोन समाजसेवक सदस्य. पिंजरा नाही, वर्दी नाही. पोलीससुद्धा साध्या कपड्यांत यावे लागतात. दारात पोचल्यावर तिनं अंगातला शर्ट काढला, घडी घालून काखेत धरला, डोक्यावरचं फडकं सोडून पदर घेतला. आत मुलगा उभा होता. दोघं एकमेकांशी काही बोलले नाहीत. तिनं त्याचा कान धरला, ओढला नाही, नुसता धरून ठेवला. दंडाधिकारी बाई कागद वाचत राहिल्या, बराच वेळ वाचत राहिल्या.

जामीनदार नव्हता, आधार कार्ड गावी पेटीत होतं. मी अट बदलण्याचा अर्ज दिला. आईच्या व्यक्तिगत हमीवर आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडावं. सर तोपर्यंत येऊन मागच्या बाकावर बसले होते. सदस्यांपैकी एकानं नेमका प्रश्न विचारला, "हिच्याबरोबर पाठवायचं म्हणजे परत फडावरच ना?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण फाट्यावर वडापची वाट बघता बघता सरांनी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर मिळवून फोन लावला होता आणि मला निरोप धाडला होता. मुलाचं नाव पटावर होतं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालू होतं, दोन वेळचं जेवण तिथे होतं, झोपायला आजीचं घर. आई दुसऱ्या दिवशी त्याला एसटीत बसवून देईल, मुख्याध्यापक स्टँडवर उतरवून घेतील, आणि मी महिन्यातून एकदा भेट देईन. तसा आदेश झाला.

चौकशी चार महिन्यांच्या आत संपली. समज देऊन मंडळानं प्रकरण निकाली काढलं. कायद्याचं हे काम इतपत सोपं असतं. अवघड होतं बापाच्या पायाचं आणि उचलीचं. पुढच्या हंगामात गाडी हाकायला पुन्हा मुलालाच बोलावणार, हे सगळ्यांना दिसत होतं. सरांनी ऑगस्टमध्येच गावी जाऊन बापाशी बोलून घेतलं, सोबत मुख्याध्यापकांना नेलं. त्या वर्षी नवरा-बायकोनं गाडीऐवजी ट्रॅक्टरच्या टोळीत नाव लावलं. त्यात गाडीवानाची गरज नव्हती. उत्पन्न थोडं कमी झालं. मुलगा नववीत गेला.

असा उपाय कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो. बैल विकला म्हणून मुलगा रडला होता, तेही सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी त्याचा मला फोन आला. एका कंपनीत चालकाची नोकरी मिळत होती, चारित्र्य पडताळणी होती आणि तो घाबरला होता. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अशा प्रकरणामुळे मुलाला पुढे कसलीही अपात्रता चिकटत नाही, नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. पण एका कार्यालयात ती जुनी नोंद तशीच पडून होती. मी सरांना सांगितलं. तेव्हा त्यांना नीट चालवत नव्हतं, डायलिसिस चालू होतं. त्यांनी घरी बसून अर्ज लिहिला, त्यांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, मंडळाच्या आदेशाची तारीख आणि कलम घालून. मी तो घेऊन तीन खिडक्यांवर गेले. काम झालं.

सरांची एक वही माझ्याकडे आहे. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची शेती ऑफिसं, चिटबॉय, मुकादम आणि त्यांचे मोबाईल नंबर. दर दसऱ्याला, टोळ्या उतरू लागल्या की ते सगळ्यांना फोन करून नंबर तपासायचे, बदललेले खोडून नवे लिहायचे. गेल्या दसऱ्याला ते काम मी आणि आमच्याकडे नवीन लागलेल्या एका मुलानं मिळून केलं. पुष्कळ नंबर लागले नाहीत. चिटबॉय बदलतात, कोणी शिकायला जातं, कोणाचं लग्न होतं. उरलेल्यांसाठी त्याला मी गाडीतळावर पाठवलं आहे.