नारळवही, तिसरा हंगाम: ‘पुढे कोण?’ हा नवा रकाना

28 नोव्हेंबर 2025

बुधवारी मध्यरात्रीनंतर पीएसव्ही या डच फुटबॉल क्लबनं लिव्हरपूलला त्यांच्याच अ‍ॅनफील्डवर 4-1 नं धुतलं आणि सकाळी सातला धाकट्याचा फोन. ‘दादा, वही उघड.’ अजून चहा झाला नव्हता. पण लिव्हरपूलचे बारा सामन्यांत नऊ पराभव म्हटल्यावर वही उघडणं भागच होतं, आणि उघडलीच आहे तर या हंगामाची प्रगतीही लिहून टाकतो. गेल्या नोंदीनंतर बरंच काही साचलंय.

पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. नारळवही ही दोनशे पानी साधी वही आहे. 2023 च्या ऑगस्टपासून मी, धाकटा भाऊ आणि मामा, आम्ही तिघं तिच्यात प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या कोचांबद्दलचे आमचे निकाल लिहितो. ‘ठेवा’ किंवा ‘नारळ’, शेजारी तारीख, त्या दिवसाचे गुण आणि सही. नंतर खाडाखोड नाही. सुरू करायचं कारण एवढंच, की आमच्या घरात प्रत्येक कोच गेल्यावर तिघंही ‘मी आधीच सांगितलं होतं’ म्हणायचे आणि ते खोटं पाडायला कुणाकडे पुरावा नसायचा. आता पुरावा आहे. तो माझ्या विरुद्ध गेलाय, पण आहे.

दोन हंगामांच्या 34 नोंदी आता बंद झाल्या आहेत. हिशेब साधा: कोच गेल्यावर संघाचे दर सामन्यामागचे गुण वाढले, तर ‘नारळ’ बरोबर. घटले किंवा तेवढेच राहिले, तर ‘ठेवा’ बरोबर. कोच राहिला आणि संघ सावरला, तरी ‘ठेवा’ बरोबर. न सावरल्यास ‘नारळ’वाल्याला गुण. मी 34 पैकी 14, धाकटा 13, मामा 19. मामांनी 34 च्या 34 वेळा ‘ठेवा’ लिहिलंय. सामना न बघता.

हे पचायला मला दोन रविवार लागले. मग गेल्या हंगामाची पानं काढून एकेक नोंद तपासायला बसलो.

लेस्टरपासून सुरुवात केली, कारण तिथं मी सगळ्यात ठाम होतो. स्टीव्ह कूपर, 12 सामने, 10 गुण, सोळावा क्रमांक. माझा शेरा: ‘नारळ. खेळात काही दिसत नाही.’ नोव्हेंबर 2024 मध्ये क्लबनं माझं ऐकलं. उरलेल्या 26 सामन्यांत संघाला 15 गुण मिळाले. रूड व्हॅन निस्टलरॉयच्या हाताखाली लेस्टर घरच्या मैदानावर सलग नऊ लीग सामने हरलं, आणि त्या नऊ सामन्यांत त्यांना एकही गोल करता आला नाही. इंग्लिश लीगच्या इतिहासात असं आधी कुणाचं झालं नव्हतं. ‘खेळात काही दिसत नाही’ म्हणजे काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

साउथॅम्प्टनचं तेच. रसेल मार्टिनला डिसेंबरात काढलं तेव्हा 16 सामन्यांत 5 गुण होते. त्यानंतरच्या 22 सामन्यांत 7. मार्टिन काही ग्रेट होता असं नाही. गोलरक्षकापासून छोटे छोटे पास देत बाहेर पडायचा त्याचा हट्ट त्या पोरांना झेपणारा नव्हताच. पण त्याच्यानंतर इव्हान युरिच आला आणि तोही एप्रिलात गेला. संघ जिथं जायचा तिथंच गेला, वाटेत एक नुकसानभरपाई जास्त.

मँचेस्टर युनायटेडच्या पानावर तर चहा सांडलाय, आणि तो रागातच सांडलाय. टेन हागचा हिशेब 9 सामने, 11 गुण. नंतर व्हॅन निस्टलरॉयनं हंगामी म्हणून दोन लीग सामन्यांत 4 गुण मिळवले (हाच तो लेस्टरवाला, म्हणजे मी कुणाला हुशार समजून बसलो होतो बघा), आणि मग नवा कोच आमोरिमचे 27 सामन्यांत 27. शेवट पंधराव्या क्रमांकावर. ज्याला कमी पडतोय म्हणून काढला, त्याचा दर पुढच्यापेक्षा बरा निघाला. टेन हागच्या बाबतीत माझा खरा राग वेगळाच आहे. मे 2024 मध्ये एफए कप जिंकल्यावर क्लबनं त्याचा आढावा घेतला, ठेवायचं ठरवलं, जुलैत करार वाढवला आणि 28 ऑक्टोबरला नारळ दिला. त्या चार महिन्यांची किंमत 1 कोटी पौंडांच्या वर गेली. मेमध्येच काढला असता तर मी काही बोललो नसतो.

आता उलट बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर मामा म्हणतील सगळं त्यांच्याच बाजूनं आहे. एव्हर्टननं 9 जानेवारी 2025 ला शॉन डाइशला काढलं, एफए कपचा सामना काही तासांवर असताना. तोवर 19 सामन्यांत 17 गुण. जुना कोच मॉयेस परत आला आणि उरलेल्या 19 सामन्यांत 31. तोच संघ, तेवढेच सामने. याहून स्वच्छ नोंद वहीत दुसरी नाही. वूल्व्हजचंही तसंच: गॅरी ओ’नीलचे 16 सामन्यांत 9, व्हिटर परेराचे 22 सामन्यांत 33, त्यात वसंतात सलग सहा विजय. दोन्हीकडे माझं ‘नारळ’ बरोबर ठरलं. धाकट्यानं तेव्हा मिसळ दिली होती.

पण मिसळ पचायच्या आत परेराचं पान पुन्हा उघडावं लागलं. उन्हाळ्यात वूल्व्हजचे खेळाडू विकले गेले: कुन्या मँचेस्टर युनायटेडला गेला, आईत-नूरी मँचेस्टर सिटीला गेला. सप्टेंबरात परेराला नवा तीन वर्षांचा करार मिळाला आणि 2 नोव्हेंबरला, 10 सामन्यांत 2 गुण झाल्यावर, नारळही मिळाला. धाकटा म्हणाला, एवढ्यात माणूस बिघडला कसा? मामा म्हणाले, ‘माणूस तोच आहे रे, माल विकला.’ त्या दिवसापासून वहीत ‘काय विकलं, कोण जखमी’ असा रकाना आहे. खरं तर तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

आमच्या हिशेबात एक गळतीही सापडली, ती सांगतो, कारण अशी वही ठेवणारे आणखी कुणी असतील तर त्यांना उपयोग होईल. बास टेर वेल नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञानं 1986 ते 2004 मधल्या डच लीगचा अभ्यास केला होता. कोच काढल्यावर संघ सावरतो, हे त्यालाही दिसलं. पण तेवढीच घसरगुंडी झालेल्या ज्या संघांनी कोच ठेवला, तेही तसेच सावरले. म्हणजे घसरगुंडीच्या तळाशी कुणालाही उभं केलं तरी पुढचा रस्ता बहुधा वरच जातो. माझ्या बरोबर ठरलेल्या ‘नारळां’पैकी काही असेच फुकटचे असणार. एव्हर्टनचं फुकटचं नाही, यावर मी अडून आहे. वूल्व्हजबद्दल आता तेवढी खात्री वाटत नाही.

म्हणून या हंगामापासून एक्सजीही लिहितोय, म्हणजे मिळालेल्या संधींवरून किती गोल व्हायला हवे होते तो आकडा. हे सुचलं ब्रायटनच्या जुन्या गोष्टीवरून. 2020-21 मध्ये ग्रॅहम पॉटरचा ब्रायटन 41 गुणांवर सोळावा होता, पण संधींच्या हिशेबात ते कितीतरी वर असायला हवे होते. चेंडू फक्त जाळ्यात जात नव्हता. क्लबनं पॉटरला हात लावला नाही आणि पुढच्या वर्षी ते 51 गुणांसह नववे आले. आमची वही तेव्हा असती तर मी डोळे मिटून ‘नारळ’ लिहिलं असतं. एक्सजीनं सगळं कळतं असं मुळीच नाही, आणि मामा त्याला ‘पत्रिका’ म्हणतात. पण संघ वाईट खेळतोय की नशीब वाईट आहे, एवढं वेगळं करायला ती पत्रिका पुरते.

या हंगामातली सगळ्यात लांब चर्चा पोस्टेकोग्लूवर झाली. टॉटनहॅममध्ये तो सतरावा आला, 22 लीग सामने हरला आणि त्याच हंगामात युरोपा लीग जिंकला. क्लबला 17 वर्षांनी चषक मिळाला, वर चॅम्पियन्स लीगचं तिकीट. दुसऱ्या वर्षी आपण काहीतरी जिंकतोच, असं तो आधीच बोलून बसला होता आणि त्यानं ते खरं केलं. सोळा दिवसांनी नारळ. धाकट्याचं म्हणणं, चषक म्हणजे चषक, अशा माणसाला काढणं कृतघ्नपणा. माझं म्हणणं, 38 सामने एका रात्रीनं पुसले जात नाहीत. दोन तास भांडल्यावर लक्षात आलं की आम्ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतोय. तो विचारत होता, या माणसानं खुर्ची कमावली का? मी विचारत होतो, पुढच्या वर्षी हा उपयोगाचा आहे का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. तेव्हापासून नोंदीत ‘कमावली’ आणि ‘उपयोग’ असे दोन शेरे वेगळे लिहितो. भांडणं निम्मी झाली. जरा चुकल्यासारखं वाटतं.

मग तोच पोस्टेकोग्लू नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला. आधीचा कोच नूनोनं तो संघ सातव्या क्रमांकावर नेला होता, जवळपास तीस वर्षांनी युरोपात पोचवला होता, आणि सप्टेंबरात, हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, त्याला काढलं. पोस्टेकोग्लूच्या आठ सामन्यांत दोन बरोबरी, सहा हार. 18 ऑक्टोबर, धनत्रयोदशी. आपल्याकडे संध्याकाळचा सामना होता. मालक तासाभरातच खुर्चीवरून उठून गेला. चेल्सीनं 3-0 केलं, शिट्टी वाजली, मी पणत्या लावायला खाली गेलो. वर आलो तोवर नारळ दिलेला. 39 दिवस. माझी नोंद लिहायचीसुद्धा राहून गेली होती.

त्या रात्रीच ‘पुढे कोण?’ हा रकाना आखला. नियम असा: पुढच्या माणसाचं नाव, तो आज मोकळा आहे का, आणि हा संघ त्याच्या पद्धतीनं खेळू शकतो का, हे लिहिल्याशिवाय ‘नारळ’ लिहायचा नाही. नूनोच्या जागी पोस्टेकोग्लू हे नाव या रकान्यात लिहायला गेलं की पेन आपोआप थांबतं. पाठीमागे दबा धरून बचाव करणारा, संधी मिळाली की धावणारा संघ, आणि बचावफळी मैदानाच्या मध्यापर्यंत चढवणारा कोच. डाइश आल्यावर फॉरेस्ट पुन्हा ओळखीचं दिसू लागलं आणि गेल्या शनिवारी अ‍ॅनफील्डवर 3-0 जिंकून आलं. एव्हर्टनच्या पानावरचा ‘नारळ’वाला डाइश तो हाच. मागची पानं आज भरायला घेतली, तर माझे निदान पाच ‘नारळ’ या नियमानं लिहिताच आले नसते.

भारतीय संघासाठी वहीच्या शेवटी वेगळी पानं आहेत, ती एरवी उघडत नाही. ऑक्टोबरात उघडली. 14 तारखेला भारत-सिंगापूर सामन्याला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये होतो. आपल्या छांगटेचा गोल झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी मला मिठी मारली होती. सिंगापूर 2-1 नं जिंकल्यावर त्याच काकांनी भारताचा कोच खालिद जमीलला नारळ दिला. आशियाई चषकाचा रस्ता बंद. महिन्यानं ढाक्यात बांगलादेशकडूनही 1-0 हार. धाकटा म्हणतो नारळ. मी पहिल्यांदाच मामांच्या बाजूनं सही केली. भारताचा आधीचा कोच स्टिमाच याला जून 2024 मध्ये काढलं, करार मोडल्याबद्दल 4 लाख डॉलर द्यावे लागले. मग मानोलो मार्केस, एफसी गोवा सांभाळता सांभाळता. आठ सामन्यांत एक विजय. मग ऑगस्टमध्ये खालिद. दीड वर्षात तीन कोच झाले, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आयएसएल ही देशातली मुख्य लीगच थांबलेली होती. खेळाडूंना सामने नव्हते. ‘काय विकलं’च्या रकान्यात काय लिहू, अख्खी लीग?

शिवाय खालिदच्या बाबतीत मला एक जुना हिशेब आठवतो. तो मुंबई एफसीला सात वर्षं होता, कमी पैशांत संघ आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवत. 2016 मध्ये वाट वेगळी झाली. पुढच्याच हंगामात त्यानं आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खाली गेली. तेव्हा वही असती तर त्या पानाला मी चिकटपट्टी लावून ठेवली असती.

आता कालची नोंद. लिव्हरपूलचा कोच आर्न स्लॉट. एप्रिलात चार सामने राखून विजेतेपद. उन्हाळ्यात 40 कोटी पौंडांहून जास्त खर्च, जुलैत त्यांचा खेळाडू जोटा याचा मृत्यू. नंतर हे बारा सामने. धाकट्यानं कोच रानिएरीचा विषय काढला: लेस्टरनं विजेतेपदानंतर नऊ महिन्यांत त्याला काढलं, आणि त्याच्या जागी आलेल्या शेक्सपिअरनं पुढचे पाचही लीग सामने जिंकले, मग? मामा म्हणाले, शेक्सपिअर त्याच ड्रेसिंग रूममधला होता, पोरांना तो आठ वर्षं ओळखत असावा तसा ओळखत होता. इथं तसा कोण आहे सांग. धाकट्यानं दोन नावं सांगितली. एक मोकळा नाही, दुसरा झाला तरी येणार नाही.

कमावली: हो. उपयोग: तिघांत मतभेद. काय विकलं, कोण जखमी: पान अपुरं पडलं, मागे लिहिलंय. पुढे कोण: कोरं. निकाल: ठेवा. मामांची सही झाली, माझी झाली. धाकट्यानं पेन खिशात घातलं आणि म्हणाला, रविवारी वेस्ट हॅमशी सामना आहे, तो बघून करतो. तिकडे बाकावर फॉरेस्टनं काढलेला नूनो असेल. वहीच्या नियमात हे बसत नाही, पण त्याला रविवारपर्यंत मुदत दिलीय.